फुटबॉल क्लबाचा कौल

चहा घ्या आधी. आणि एक विनंती, हसायचं असेल तर कप खाली ठेवून हसा. मागच्या खेपेस अण्णांनी माझ्या धोतरावर चहा सांडला होता. सांगतोय ती फजिती माझी स्वतःची आहे, कुणाकडून उसनी आणलेली नाही. माणसाने हुशारी करावी, अगदी जरूर करावी, पण कुणापुढे करावी याला काही सुमार? वकिलापुढे करा, मामलेदारापुढे करा, फार तर बायकोपुढे करून बघा. मी कुणापुढे केली ते ऐका.

मी तेव्हा रत्नागिरीत एका वकिलांकडे कारकून होतो. दिवसभर नकला करायच्या, पाकिटं चिकटवायची आणि पाच वाजले की धूम पळत गावाबाहेरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर. सड्यावर काय? फुटबॉल! मी दर्याकिनारा फुटबॉल क्लबाचा चिटणीस होतो. हसू नका. चिटणीस हा शब्द मी तेव्हा छाती फुगवून उच्चारत असे.

क्लब म्हणजे काय होता? अकरा खेळाडू, एक चेंडू आणि मैदान म्हणून शुद्ध कातळ. बूट नावाची वस्तू आम्ही फक्त आगबोटीतून उतरणाऱ्या साहेबांच्या पायांत बघितलेली. अनवाणी खेळायचं आणि पडलं की गुडघ्याची साल कातळाला देऊन यायचं. गोलाचे खांब म्हणजे दोन बांबू. जाळं नाही. त्यामुळे प्रत्येक गोलानंतर अर्धा तास भांडण, चेंडू आतून गेला की बाहेरून. आमचे निम्मे सामने या भांडणातच काळोख पडून संपत.

आणि तो चेंडू! काय त्याचं वर्णन करू? मुंबईहून आला तेव्हा म्हणे गोल होता. मी चिटणीस झालो तोवर ब्लॅडरला सायकलवाल्याने नऊ ठिगळं लावली होती. फुगवला की एका बाजूने गालगुंड झाल्यासारखा वर यायचा. सरळ मारला तर डावीकडे जायचा, डावीकडे मारला तर मारणाऱ्याकडे परत यायचा.

अशात चिपळूणच्या संघाचं पत्र आलं. सामना खेळायला येतो, महिनाभराने, रविवारी. आणि पत्राच्या शेवटी एक ओळ, "चेंडू यजमानांचा."

चिपळूणकरांचं ठीक होतं हो. त्यांच्या पाठीशी एक गब्बर व्यापारी उभा होता. बूट, मोजे, पट्ट्यापट्ट्यांचे सदरे, सगळं होतं. आमच्या पाठीशी फक्त समुद्र.

पत्र आलं त्याच दिवशी आमच्या दाऊदने चेंडूला अशी काही लाथ घातली की तो थेट निवडुंगाच्या कुंपणात. फुस्स! दाऊद आमचा कप्तान, राजिवड्याच्या एका तांडेलाचा मुलगा. पाय असा की गलबताचं सुकाणू. त्याने ते कातडं उचलून माझ्या हातात दिलं.

"वासू, ह्याला आता दफन कर," दाऊद म्हणाला.

"अरे, पण सामना? चिपळूणवाले येऊन बघतील काय?"

"समुद्र बघतील. मासळी खातील. परत जातील. आन् जन्मभर सांगतील, रत्नागिरीकर भ्यायले."

हे शेवटचं वाक्य माझ्या काळजात रुतलं बघा. खरंच सांगतो, माझा त्या क्लबावर फार जीव होता. मी काही मोठा खेळाडू नव्हतो. मी डाव्या टोकाला खेळायचो आणि चेंडू माझ्याकडे आला की आमचेच लोक डोळे मिटून घ्यायचे. पण क्लब मोडला असता तर मी संध्याकाळी पाच वाजता कुठे पळत गेलो असतो?

मग पंधरा दिवस आम्ही पपनसाने सराव केला. तुम्ही पपनसाने फुटबॉल खेळलायत कधी? नका खेळू. डोक्याने मारलं की दोन दिवस माणूस स्वतःचं नाव सांगताना अडखळतो. एकच सोय, खेळ संपला की चेंडू सोलून खाता येतो.

मी दाऊदला म्हटलं, "असं चालायचं नाही. कुणीतरी क्लबात भांडवल घातलं पाहिजे."

"भाऊशेट," दाऊद म्हणाला.

भाऊशेट म्हणजे मांडवीचे व्यापारी. चार गलबतं, नारळाची वखार, हापूसची दोन मोठी आगरं. माणूस सज्जन. पण शिंकायचं असलं तरी आधी विचार करणारा.

"ते आपल्याला काय देणार रे?"

"तू भाषण कर. तुझा भाषण आयकून माणूस पैसे देईल नायतर पळून जाईल. वखार सोडून शेट पळायचा नाय."

झालं! मी धुतलेलं धोतर नेसून, टोपी सारखी करून भाऊशेटांच्या ओटीवर हजर. भाऊशेट सुपारी कातरत बसले होते. मी उभ्या उभ्याच सुरुवात केली.

"शेटजी, विलायतेत एकेका क्लबापाठीमागे गावंच्या गावं उभी असतात. मुंबईत, कलकत्त्यात पलटणींचे संघ आहेत, त्यांना सरकारचं पाठबळ. आणि आपल्या देशातले क्लब? चेंडू नाही, बूट नाही, मैदान नाही! ज्या देशाला आपल्या पोरांना एक धड चेंडू देता येत नाही, तो देश उद्या साहेबाला काय गोल घालणार? शेटजी, क्लबात भांडवल घाला!"

शेटजींनी सुपारी तोंडात टाकली.

"भांडवल घातलं, मग माल काय निघतो?"

"माल नाही शेटजी, गोल निघतात."

"ते विकता येतात?"

"नाही."

"साठवता येतात?"

"नाही."

"मग नासकाच माल म्हणायचा. मासळीपेक्षा वाईट. मासळी निदान सुकवता तरी येते."

मी "देश", "तरुण रक्त", "कीर्ती" असे तीनचार शब्द हवेत सोडले. शेटजी म्हणाले, "न बघता मी नारळसुद्धा घेत नाही. संध्याकाळी येऊन बघतो तुमचा खेळ."

आणि आले हो! छत्री घेऊन आले. आम्ही जीव तोडून पपनस लाथाडलं. शेटजी एकटक बघत होते. शेवटी ते पपनस त्यांच्या पायाशी आलं, त्यांनी उचललं, दाबलं, वास घेतला.

"फळ चांगलं आहे रे," म्हणाले आणि पिशवीत टाकलं. सराव संपला.

मग बांबूंपाशी गेले. "ह्याला जाळं का नाही?"

"परवडत नाही शेटजी."

"जाळ्याशिवाय मासा आला की गेला कळणार कसं? कसले लोक तुम्ही!" त्यांना खरोखर राग आला होता. मला आशा वाटायला लागली. माणसाला दुसऱ्याच्या जाळ्याचा राग यायला लागला की तो गुंतला म्हणून समजावं.

"खेळ बरा आहे," शेटजी म्हणाले. "पोरं मेहनती आहेत. पण माझा एक नेम आहे. परवा सकाळी सगळे देवळात या. देवाला विचारू."

झालं ना!

तुमच्यातल्या घाटावरच्या मंडळींसाठी सांगतो. आमच्याकडे कुठलंही मोठं काम करायचं तर ग्रामदेवाला कौल लावतात. गुरव दोन ओल्या पाकळ्या देवाच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे टक लावून बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार. डावी पडली तर नकार. संपलं. त्याच्या वर अपील नाही.

आणि भाऊशेटांचा कौल म्हणजे कौल! गलबत कधी पाण्यात लोटायचं, कौल. मुलीला कुठलं स्थळ बघायचं, कौल. एकदा दाढ ठणकत होती, ती काढायची का, हेसुद्धा देवाला विचारलं. देवाने डावा दिला. दाढ राहिली. गाल सुजून पपनसाएवढा झाला, पण शेटजी देवाला एका शब्दाने बोलले नाहीत. असा माणूस!

म्हणजे आता आमच्या क्लबाचं सगळं भवितव्य एका पाकळीवर. अर्धी शक्यता होकाराची, अर्धी नकाराची. दुसरा कुणी असता तर देवावर भरवसा ठेवून स्वस्थ बसला असता. पण मी वकिलाचा कारकून! अर्ध्या शक्यतेवर आम्ही दावा दाखल करतो काय?

दुसऱ्या दिवशी कचेरीत पाकिटं चिकटवता चिकटवता माझी नजर डिंकाच्या बाटलीवर गेली.

तुम्हाला कळलं ना? मला पण कळलं. आणि मी असा खूश झालो की एका पक्षकाराची नोटीस दुसऱ्याच्या पाकिटात घातली.

मी दाऊदला गाठलं. "हे बघ, डाव्या खांद्याला आधीच डिंक लावून ठेवायचा. वाळला की दिसणार नाही. सकाळी ओली पाकळी बसली की डिंक ओला होऊन पकडणार. डावी पडणारच नाही. मग पडणार कुठली?"

"उजवी."

"आणि शेटजी देणार काय?"

"पैसे."

"मग चल. तू फक्त देवळाबाहेर उभा राहून पहारा कर."

दाऊद दोन पावलं मागे सरला. "मी नाय. देवाशी लबाडी मी करणार नाय. तुझा देव, तुझा डिंक."

"अरे, क्लबासाठी!"

"क्लबासाठी मी पपनस डोक्यानं मारलं. आता बस झाला."

शेवटी मी एकटाच गेलो. दुपारची वेळ, धोंडू गुरव जेवून देवळाच्या ओवरीत घोरत पडलेला. धोंडूकाका म्हणजे सत्तरीचा म्हातारा, देवाची पूजा त्याच्याकडे, घोरणं असं की घंटा आपोआप हलावी. मी पाय धुतले, गाभाऱ्यात शिरलो, देवाला हात जोडले. "देवा, वाईट वाटून घेऊ नकोस, सार्वजनिक काम आहे," असं म्हटलं, आणि डाव्या खांद्यावर बोटभर डिंक फासून आलो. माझं काळीज असं धडधडत होतं की धोंडूकाका त्या आवाजाने जागा होईल असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळा क्लब देवळात. भाऊशेट रेशमी उपरणं घेऊन पुढे बसलेले. दाऊद आणि राजिवड्याची पोरं अंगणात, दारातून माना लांब करून बघताहेत. धोंडूकाकाने देवाला तेल लावून असा लखलखीत केला होता की मी मनात म्हटलं, वा, डिंक अगदी बेमालूम झाकला गेला.

तगरीच्या दोन पाकळ्या ओल्या केल्या. दोन खांद्यांवर लावल्या. आणि धोंडूकाकाने हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो. सगळ्यांत मोठा आवाज अंगणातून दाऊदचा.

"आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाशी उभी ऱ्हायली हायत म्हाराजा! त्यांच्या खेळाला भाऊशेटनी पैसे घालावे असा तुझ्या मनात असंल, तर उजवा कौल दे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

सगळ्यांच्या नजरा पाकळ्यांवर. समुद्राचा आवाज तेवढा. एक पाकळी हलली. जरा घसरली. आणि टप्! खाली.

माझ्या उजव्या हाताची पाकळी!

मी उडीच मारली. "उजवा! उजवा पडला! बोला, पुंडलिक वरदा…"

"डावा पडला," धोंडूकाका म्हणाला.

"अहो, काय म्हणताय धोंडूकाका! हा माझा उजवा हात! इकडची पाकळी पडली!"

"तुझ्या उजव्याशी देवाला काय करायचाय? देव तुझ्याकडं तोंड करून बसलाय. त्याचा उजवा हात कुटं येतो बघ."

मी बघितलं. देवाच्या हातातली तलवार बघितली. देवाने तलवार डाव्या हातात धरली असावी अशी मी क्षणभर प्रार्थना केली. पण नाही हो. तलवार माझ्या डाव्या हाताला होती! मी डिंक लावला होता तो देवाच्या उजव्या खांद्याला!

बघा, म्हणजे मी काय करून ठेवलं होतं? आता जन्मभर विचारलं तरी देवाचा उजवा पडणार नव्हता. होकार बंद! देवाचं तोंड मी एका बाजूने चिकटवून टाकलं होतं. दारात दाऊदने कपाळाला हात लावला.

भाऊशेट उठायला लागले. "नाही म्हणतोय देव. आपला काही आग्रह नाही."

आणि मग माझ्यातला कारकून जागा झाला. देव काहीही विचारा, "नाही"च म्हणणार ना? मग प्रश्नच असा विचारावा की "नाही" आपल्या फायद्याचं!

"थांबा शेटजी! प्रश्न नीट मांडला गेला नाही. असं विचारू या, पैसे घातल्याने शेटजींचं काही नुकसान आहे का?"

धोंडूकाकाने कुरकुरत नव्या पाकळ्या लावल्या. गाऱ्हाणं. होय म्हाराजा. टप्! डावी.

"बघा! नुकसान नाही! आता एकच विचारा, शेटजींनी काही न देता घरी जावं, हे देवाला पसंत आहे का?"

टप्! डावी.

"पसंत नाही!" मी ओरडलो. पोरांनी टाळ्या पिटल्या. मला वाटलं, काय डोकं आहे हे! वकीलसाहेबांनी खरं तर मला भागीदार करून घ्यायला हवं.

पण भाऊशेट खाली बसून बोटांवर मोजायला लागले. व्यापारी माणूस. त्याला घोळात टाकणं सोपं, घोळात ठेवणं कठीण.

"पैसे घालू नको म्हणतो. नुकसान नाही म्हणतो. आणि काही न देता जाऊही नको म्हणतो." त्यांनी डोळे मिटले. मग एकदम उघडले. "कळलं! रोकड नको, वस्तू द्या! चेंडू मी मुंबईहून मागवतो. बूट मागवतो. जाळी माझ्या गलबतावरची देतो, मजबूत आहेत. भांडवल वस्तूंनी घालायचं!"

काय जल्लोष झाला म्हणून सांगू! अंगणातून दाऊद आत येऊन शेटजींना मिठी मारायचाच बाकी राहिला. माझे डोळे भरून आले. खरंच भरून आले, खोटं कशाला सांगू? क्लब वाचला होता, आणि माझ्यामुळे वाचला होता.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. बसलो असतो तर आज हा किस्सा नसता. पण मी म्हणालो, "शेटजी, वस्तूंपेक्षा रोकड बरी नाही का? चिटणीस या नात्याने मीच मुंबईला जाऊन खरेदी…"

भाऊशेट माझ्याकडे बघायला लागले. हळूहळू सगळेच बघायला लागले.

"अस्सं," शेटजी म्हणाले. "देवाला क्लब पसंत आहे. देणं पसंत आहे. फक्त रोकड पसंत नाही. आता मला सांगा, रोकड जाणार होती कुणाच्या हातात?"

"अहो शेटजी, तसं काही नाही हो!"

"मी कुठे काही म्हणतोय? देव म्हणतोय. धोंडू, विचार. ह्या वासूला चिटणीस म्हणून ठेवायचा का?"

मला उत्तर ठाऊक होतं! जगात त्या क्षणी मला एकट्याला ठाऊक होतं! "शेटजी, प्रश्न जरा उलटा करून…" मी म्हटलं. शेटजींनी हात वर केला.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा," पोरं म्हणाली. माझ्या तोंडून "होय" बाहेर पडेना.

टप्! डावी.

"बरं, चिटणीस नको. खेळाडू म्हणून?"

टप्! ही तर लावल्या लावल्या पडली हो. गाऱ्हाणंसुद्धा पुरं होऊ दिलं नाही.

"निदान पंच म्हणून?" हा प्रश्न आमच्याच एका दयाळू पोराने विचारला.

टप्!

सांगा, मी काय करणार होतो? "कौल खोटा आहे, मी देवाला डिंक लावलाय" असं म्हणू? मग चेंडू जाणार, बूट जाणार, आणि भाऊशेट मला गलबताच्या डोलकाठीला उलटा टांगणार. एका दाऊदला खरं ठाऊक होतं. तो दाराच्या चौकटीला टेकून माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या मिशा थरथरत होत्या. दुःखाने नव्हे!

शेवटी धोंडूकाकालाच माझी दया आली. "शेट, पोरगा अगदीच टाकू नये. सामन्यात मधल्या सुट्टीत सरबत देतात ना, त्या कामाला ठेवू काय?"

पाकळ्या लावल्या. गाऱ्हाणं झालं. सगळे थांबले. मी तर आशा सोडली होती. आणि इतका वेळ गप्प बसलेली ती देवाची उजवी पाकळी अलगद सुटली आणि खाली आली.

"उजवा!" धोंडूकाका ओरडला. "सरबताला देव व्हय म्हणतोय!"

मी मनात म्हटलं, डिंक संपला वाटतं. इतक्या वेळा पाणी लागल्यावर कचेरीचा डिंक टिकणार किती? पण संपायचाच होता तर दोन प्रश्न आधी का नाही संपला?

देवळाबाहेर दाऊदने मला गाठलं. "काय, सांगू शेटना डिंकाचा?"

"गप बस."

"नाय, तू म्हणशील तर सांगतो. तू चिटणीस, आन् आमी परत पपनस."

"गप बस म्हटलं ना!"

तो हसत हसत गेला. मला मात्र हसू येईना. घरी जाऊन मी त्या दिवशी जेवलोसुद्धा नाही. म्हणजे, एक वेळ नाही जेवलो.

वस्तू आल्या. आगबोटीने खोका आला, त्यात दोन करकरीत चेंडू! अकरा जोड बूट! पोरांनी बूट घातले आणि पहिले दोन दिवस सगळा संघ कातळावर बदकासारखा चालला. गोलांना गलबतावरची जाळी लागली. त्यांना अजून बांगड्याचा वास होता. चिपळूणचा गोलरक्षक पूर्ण सामनाभर एका हाताने नाक धरून उभा होता असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही, मी तेव्हा सरबतासाठी कोकमाच्या आगळात साखर ढवळत होतो.

आणि ऐका, कपाळाला हात लावा. माझ्या जागी डाव्या टोकाला जो पोरगा खेळला त्याने दोन गोल मारले. दोन! मी क्लबात आल्यापासून आम्ही एकही सामना जिंकला नव्हता. त्या दिवशी जिंकलो. भाऊशेट गोल झाला की छत्री उघडायचे आणि मिटायचे. पुढच्या वर्षी त्यांनी सदरे दिले, त्याच्या पुढच्या वर्षी सड्यावर माती टाकून मैदान सारखं केलं. गावातल्या आणखी दोघा व्यापाऱ्यांनी क्लबात भांडवल घातलं. नवा चिटणीस कसला चोख निघाला म्हणता! मी भाषणं करून जे पाच वर्षांत केलं नाही ते त्याने तोंड न उघडता केलं.

मला आनंद झाला. झालाच. पण दर सामन्याला सरबत ओतताना मनात यायचं, वासू, हे सगळं डिंकाने घडलं. नुसत्या डिंकाने! नाहीतर तू आज बूट घालून त्या मैदानात असतास. आणि वर देवाला फसवल्याचं पाप ते वेगळंच.

तीन वर्षं मी ते ओझं वागवलं. शेवटी राहवेना. एका सकाळी नारळ घेतला आणि देवळात गेलो. धोंडूकाका सहाण धूत बसला होता. मी नारळ ठेवला आणि मान खाली घालून म्हटलं, "धोंडूकाका, एक कबूल करायचंय. तो क्लबाचा कौल आठवतो? त्याच्या आदल्या दिवशी देवाच्या खांद्यावर डिंक…"

"तो तू लावलास?" धोंडूकाका गरजला. "आरं मेल्या! मी समजलो पोरांनी काजूची बोंडं खाऊन हात पुसले! कौलाच्या दिवशी सकाळी देवाला आंघोळ घालायला गेलो, तर खांद्यावर हा चिकटा! नारळाच्या सोडणानं घासून घासून माझा हात दुखला. तासभर घासत होतो. जरा म्हणून ठेवला नाय, पार दगड लागंपर्यंत काढला."

मी ठेवलेला नारळ परत उचलला.

"म्हणजे… कौल लावला तेव्हा डिंक नव्हता?"

"कसा आसंल? देवाला रोज सकाळी आंघोळ आसते. बिनआंघोळीच्या देवाला कौल कोण लावतंय?"

मंडळी, मी तिथे पायरीवर बसलो. पाच वर्षं चिटणीस, आठ वर्षं देवळाच्या शेजारी घर, आणि देव रोज आंघोळ करतो हे माझ्या लक्षात नव्हतं! म्हणजे पैसे देऊ नको म्हणाला, तो देव. वासू चिटणीस नको म्हणाला, तो देव. खेळाडू नको म्हणून पाकळी फेकली, ती देवाने. पंचसुद्धा नको! आणि मी तीन वर्षं डिंकाला शिव्या देत होतो.

माझा चेहरा बघून धोंडूकाकाला वाईट वाटलं असावं. तो उठला, हात पुसले, म्हणाला, "असा रडू नको. तीन वर्षां झाली. देवाचा मन बदलला आसंल. पाकळ्या आणतो, परत इचारू. चिटणीस म्हणून घेतोय काय बघू."

मी एकदम उभा राहिलो आणि त्याचा हात धरला.

"नको काका, नको! सरबत तरी राहू दे."